रिकाम्या गावाचा होकार

आबांनी घरातल्या कानोशाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर भाताचा टोप पालथा घातला. हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. स्वतः आबा, अंथरुणाला खिळलेली माझी आई, आणि खाडीच्या अलीकडे कोळोशात नांदणारी मी, दर्शना. आबांनी मला फोनवर अगदी विजयी आवाजात सांगितलं, "आता काय ऐकता ता बगूया." सत्तरी ओलांडलेला माणूस, पण यंत्राला फसवल्याचा आनंद काही लपत नव्हता. मीही हसले. 

कानोसा आमच्या किनाऱ्यावर आला त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. समुद्र तापायला लागल्यापासून आम्हाला मोठ्या वादळापेक्षा त्याच्या पिल्लांची धास्ती जास्त. मोठं वादळ शेकडो मैल लांबून निघून जातं, पण त्याच्या कडेचे ढग जमिनीवर चढले की खालचा वारा झाडाझुडपांत अडखळतो आणि वरचा सुसाट पुढे जातो. या दोघांच्या मध्ये सापडलेली हवा लाटण्यासारखी आडवी गरगरायला लागते. एखादा वर चढणारा ढग तिला उचलून उभी करतो, आणि ती उभी राहिली की झाली भोवरी. दोन-तीनशे पावलांची रुंदी, अर्ध्या तासाचं आयुष्य, पण वाटेत येईल ते मुळासकट काढते.

भोवरी जन्मायच्या आधी एक आवाज काढते. इतका खर्जातला, की माणसाच्या कानाला तो पोचतच नाही. कानोशाला पोचतो. घराच्या वाशाला टांगलेली नारळाएवढी डबी, ती हवेचा दाब मोजते आणि हा आवाज टिपते. एकट्या डबीला फारसं काही कळत नाही. पण घरोघरच्या, देवळांतल्या हजारो डब्या एकत्र ऐकायला लागल्या की भोवरी कुठे उठणार आणि कुणाच्या परसातून जाणार, हे पाऊण तास आधी सांगता येतं. शिवाय डबी घरातली आणि अंगणातली माणसंही ऐकते. पावलं, खोकला, श्वास. म्हणजे भोंगा वाजवायचा तो माणूस असलेल्या घरातच, आणि बोटी पाठवायच्या त्या जिथे जीव आहेत तिथेच. लोकांना सुरुवातीला हे आवडलं नाही. कुणाचा नवरा रात्री कुठे झोपतो हे सरकारला कळणार, म्हणून आमच्या गावात ग्रामसभेत पार हमरीतुमरी झाली. मग एका वर्षी डबीने आठ जणांचे जीव वाचवले आणि तोंडं बंद झाली.

पुढची पायरी आली ती कलाटणी. भोवरी मोडता येत नाही, तेवढी ताकद माणसाच्या हातात नाही. पण ती एका नाजूक तोलावर उभी असते. एका अंगाने गार हवा उतरते, दुसऱ्या अंगाने उबदार हवा आत शिरते. ड्रोनचा थवा पाठवून गार अंगाला कोरड्या बर्फाचा चुरा ओतला की तिकडचा भार वाढतो, आणि भोवरी दुसरीकडे कलते. गाव चुकवता येतो. आता चुकवलेली भोवरी हवेत विरत नाही, ती दुसरीकडे जाते, हे कुणाही शहाण्याला कळेल. म्हणून कायदा झाला. यंत्राने नुसतं सुचवायचं. ज्या गावावरून भोवरी उचलायची आणि ज्या गावावर टाकायची, त्या दोन्ही गावांच्या एकेका माणसाने 'हो' म्हणायचं. त्या माणसाला होकारी म्हणतात. आणि ज्या गावात कानोशाला एकही माणूस ऐकू येत नाही, त्या गावाचा होकार धरूनच चालायचं.

कोळोशाची होकारी मी. माझी लायकी एवढीच की जेटीवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि मी गावाला मोबाइल फुकट चार्ज करून देते. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. "तुका तरी दुसरा काय काम आसा?" असं म्हणून सरपंच बावकरांनी माझं नाव पुढे केलं. आबांना मात्र भारी अभिमान वाटला होता. तिरवणच्या देवळात चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. ते देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्यानंतर मागे उभा अख्खा गाव एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणायचा. "मी गावाकडसून होय म्हणान घेतंय," आबा म्हणाले, "आणि तू गावासाठी होय म्हणतलंस. घराण्याचो धंदोच तो."

तर, तिरवणची गावपळण. आमच्या भागात काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव घरदार सोडून शिवेबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं बाहेर. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी शीव ओलांडून आत जात नाही. लहानपणी मला त्याच्यासारखी मजा कशातच वाटायची नाही. माळावर झावळ्यांच्या झोपड्या, सगळ्या वाडीचं एकत्र जेवण, आणि शाळेला सुट्टी.

या वर्षी पळणीच्या तोंडावर आई परसात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती नुकतीच घरी आली होती. डॉक्टरांनी कुशीवर वळायलाही मनाई केलेली. तिला होडीत घालून माझ्याकडे आणणं शक्य नव्हतं, आणि माळावर झोपडीत नेणं तर त्याहून नाही.

"आबा, गावाक इचारून बघा," मी म्हटलं. "आजारी माणूस आसा. कोण नाय म्हणतलो नाय."

"मी इचारू?" आबा म्हणाले.  "मी खयच्या तोंडान इचारू गो?"

मला कळलं. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका पळणीत शेजारच्या सुगंधाकाकीचे दिवस भरले होते. तिच्या सासूने येऊन आबांना विनवलं, की हिला तेवढी घरात राहू द्या. आबांनी ऐकलं नाही. रीत म्हणजे रीत, एकाला सोडलं तर उद्या दहा मागतील. काकी माळावर बाळंत झाली, त्याच रात्री अवेळी पाऊस आला, आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. मी तेव्हा शाळेत होते. झोपडीतून येणारा काकीचा आवाज मला आजही ऐकू येतो. तेव्हापासून काकी आबांशी एक शब्द बोललेली नाही. आईसाठी मात्र कुंपणावरून कालवणाची वाटी येते, अजून.

म्हणून आबांनी ठरवलं ते असं. गावाला सांगायचं की आम्ही दोघं लेकीकडे चाललो. पळणीच्या आदल्या दिवशी दार आतून लावायचं. दिवा नाही, चूल नाही, पोहे आणि केळी खाऊन राहायचं. फोन बंद, कारण रिंग वाजली तर कानोसा ऐकेल. आणि कानोशाने आत दोन माणसं मोजली तर तालुक्याहून कुणीतरी चौकशीला येईल आणि सगळा बभ्रा होईल, म्हणून ते गोणपाट आणि तो टोप. "कोणी इचारल्यान तर आमी तुझ्याकडे आसंव," आबा म्हणाले. मी बरं म्हटलं.

त्याच दिवसांत अरबी समुद्रात एक मोठं वादळ उठलं होतं, पण ते ओमानला जाणार होतं. सगळे तसंच सांगत होते, आणि मुख्य वादळ गेलंही तिकडेच. पण पळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यावरचं आभाळ असं काळं झालं की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. जेवणं अर्धवट टाकून आम्ही शाळेत जमलो. कोळोशात नवी पक्की इमारत एकच, ती शाळेची. तीनशेवर माणसं, त्यात माझी नऊ वर्षांची ओवी. बाहेर माडांचे शेंडे जमिनीला टेकत होते आणि पत्र्याचे तुकडे उडताना दिसत होते. मी फळ्याखाली भिंतीला पाठ लावून बसले, मांडीवर होकाऱ्याला मिळतो तो टॅब, आणि कुशीत ओवी.

टॅब थरथरला. पडद्यावर आमची खाडी, या काठाला कोळोसं, त्या काठाला तिरवण. समुद्राकडून निघालेली एक तांबडी रेघ सरळ शाळेवर येत होती. शेजारीच दुसरी, तुटक रेघ, खाडी ओलांडून तिरवणच्या मधल्या वाडीवरून जाणारी. आमच्या वाडीवरून. खाली आकडे.

कोळोसे: ११४२. तिरवण: ०.

सर्वांत खाली एक हिरवी पट्टी होती. ती संपेपर्यंत उत्तर द्यायचं. संपली की भोवरी इतकी जवळ येणार की बर्फाचा उपयोग नाही.

जिल्हा केंद्रातून फोन आला. भोयर मॅडम, तरुण, वर्ध्याकडच्या, स्वभावाने चांगल्या. "ताई, दिसतंय ना? शाळेवर थेट येतेय. छत टिकणार नाही. नशीब बघा, तिरवण रिकामं आहे, त्यांची ती गावपळण आहे म्हणे. लोक सगळे माळावरच्या जुन्या चिरेखाणीत आहेत, रेघेपासून लांब. तुमचा होकार आला की थवा सोडते."

  मला वाटलं होतं मी घाबरले तर रडेन, ओरडेन. तसं काहीच झालं नाही. टॅबवरचं शून्य तेवढं मोठं मोठं दिसायला लागलं.

रिकाम्या घरात भोंगा वाजत नाही. आई-आबांना काहीच ऐकू येणार नव्हतं. त्यांनीच कानोशाचे कान बंद केले होते, आणि त्यानेही मग त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

"मॅडम," मी म्हटलं, "तिरवणात दोन माणसं आहेत."

"कानोसा शून्य सांगतोय."

"कानोशावर टोप आहे." हे वाक्य बोलताना मला हसू फुटलं. भीतीने फुटतं तसं. "माझे आई-वडील आहेत आत. आई उठू शकत नाही."

 पलीकडून कळा दाबल्याचा आवाज. "मी आकडा घातला." पडद्यावर शून्याच्या जागी दोन आलं. तांबडी रेघ होती तिथेच राहिली, तुटक रेघ होती तिथेच राहिली. यंत्राने पुन्हा तेच सुचवलं. एका बाजूला अकराशे बेचाळीस आणि दुसऱ्या बाजूला दोन, त्यात त्याला विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दोन मिनिटांनी घातलेला आकडा पुसला गेला आणि पुन्हा शून्य आलं, कारण कानोसा ऐकतो तेच यंत्र खरं मानतं.

"ताई, मी तुम्हाला काय सांगू," भोयर मॅडम म्हणाल्या. "बोट तिथे पोचणार नाही. चिरेखाणीत कुणाला फोन लागतोय का बघा. पण पट्टीकडे लक्ष ठेवा."

पळणीच्या वेळी प्रत्येक वाडी एकच फोन चालू ठेवते. आमच्या वाडीचा सुगंधाकाकीकडे असतो. सगळ्या तिरवणात, सगळ्या माणसांत, तिच्याकडे.

"दर्शना? बोल गो. आवस-बापूस बरी आसत मा तुझ्याकडे?" ताडपत्रीवर पाऊस कोसळत होता, तिला ओरडावं लागत होतं.

"काकी, ती माझ्याकडे नाय. घरातच आसत."

"घरात?"

"आयेक हलवूक येणा नव्हता. काकी, भोवरी आपल्या वाडीर येता. तेंका भायर काढूक व्हया, आत्ता."

"तुझ्या बापाशीक आमका सांगूक काय झाला होता?"

खोटं सांगायला वेळ नव्हता. "तुमच्यामुळेच नाय सांगितल्यानी. तुमच्यासमोर तेंका लाज वाटली."

"लाज," काकी म्हणाली. "बावीस वर्सांनी."

मी डोळे मिटून घेतले. तिने फोन ठेवला असता तर मला तिला दोष देता आला नसता. आमच्या गावात पळण मोडून शीव ओलांडणं म्हणजे गावावर संकट ओढवून घेणं, आणि मी कुणासाठी ते मागत होते? त्या माणसासाठी, ज्याने तिला आत राहू दिलं नव्हतं. मग तिचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे. "उठा रे! वासुदेव घाडी घरात रवलोहा, बायकोक घेवन. कोण येतत माझ्यावांगडा?" कुणीतरी काहीतरी बोललं, पळणीचं, देवाचं. "देवाक मी सांगान," काकी ओरडली. आणि फोन तुटला.

परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

पट्टी बोटाच्या पेराएवढी उरली होती. बावकर येऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, जवळच्या सगळ्यांनीच ऐकलं होतं. कुणीही मला 'दाब' म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी त्यांच्या अंगावर तरी धावून गेले असते. ते नुसते बघत होते. एक बाई आपल्या तान्ह्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि माझ्या बोटाकडे बघत होती.

"आई, आजी-आजोबांना कुणी आणायला गेलंय का?" ओवीने विचारलं.

"गेलेत," मी म्हटलं. "काकीआजी गेलीय."

चिरेखाणीपासून आमचं घर सावकाश चालीने पाव तास. धावत गेलं तर किती, दार आतून लावलेलं, तोडायला किती, आईला उचलायला किती, आणि परत? मी हिशेब करत होते आणि प्रत्येक वेळी तो पट्टीच्या पलीकडे जात होता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. कायद्याने मुभा होती, कुणी कारण विचारलं नसतं. मी ओवीच्या केसांत नाक खुपसलं. खोबरेल तेलाचा वास आला. मी 'हो' दाबलं.

पट्टी गेली. पडद्यावर ठिपके उठले, थवा निघाल्याचे. तांबडी रेघ हळूहळू वाकायला लागली.

आणि तिरवणचा आकडा हलला.

शून्याचे चार झाले. मग अकरा. मी बघत राहिले. काय होतंय ते आधी कळलंच नाही. मग कळलं. माणसं अंगणांतून धावत होती आणि घराघरांच्या डब्या त्यांची पावलं मोजत होत्या. काकी एकटी गेली नव्हती. वाडी गेली होती तिच्यामागे. एकोणीस. चोवीस.

"मॅडम, थांबवा!" मी किंचाळले. "माणसं आत शिरलीत! आकडा बघा!"

"बघतेय," त्या रडत होत्या. "बर्फ टाकून झाला, ताई. परत घेता येत नाही."

मी दोन जीवांवर 'हो' म्हटलं होतं. आता ते चोवीस होते, सव्वीस होते, आणि त्यांना आत मीच पाठवलं होतं. आयुष्यात मी पुष्कळदा घाबरलेय, नवऱ्याच्या बोटीचा संपर्क तुटला तेव्हा तर चार दिवस. पण ते घाबरणं आणि हे घाबरणं एका जातीचं नव्हतं. मी टॅबला तोंड लावून ओरडत होते, "पळा, पळा," जणू तो त्यांना ऐकू जाणार होता. ओवी मला घट्ट धरून होती.

सव्वीसवर आकडा थांबला. दोन-तीन मोठ्या श्वासांएवढा वेळ थांबला. मग उतरायला लागला. एकवीस. पंधरा. पाच. बावकरही आता गुडघ्यांवर बसून माझ्याबरोबर मोजत होते. तीन.

एक.

तो एक तसाच राहिला. बाहेर भरून आलेला आवाज आमच्या डोक्यावरून गेला नाही, बाजूने गेला, आणि खिडक्यांच्या काचा आत पडल्या, पण छत हललं नाही. लोक देवाचं नाव घेत होते. मी त्या एककडे बघत होते. मग तिरवणचे कानोसे एकेक करून बंद पडले आणि आकड्याच्या जागी नुसती रेघ उरली.

खाडी ओलांडता आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ओवीला बावकरांच्या घरी ठेवलं. होडीतूनच दिसलं, की तिरवणची मधली वाडी तिथे नाही. जोती होती. विहिरी होत्या. माड पिळलेल्या धुण्यासारखे मोडून पडले होते, आणि आमच्या घराच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं छप्पर होतं. सगळ्यात वाईट होती ती शांतता. एक कुत्रंही भुंकत नव्हतं, कारण कुत्रीसुद्धा पळणीला गेलेली. घरं गेली आणि माणसं राहिली, ती त्या रीतीमुळे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

चिरेखाणीत आई होती. घराच्या दारावर निजवलेली, जिवंत. तेच दार उखडून तिला त्यावर घालून आणलं होतं. माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "ते खय?"

सुगंधाकाकीच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं. "तुझो बापूस आमच्या वांगडाच निघालो होतो," ती म्हणाली. "शिवेर येवन थांबलो. म्हणालो, माझ्यापायी सगळ्यांनी पळण मोडल्यानी, माका देवळात जावन सांगूक व्हया. मी हात धरलंय. सोडवन घेतल्यान आणि मागे गेलो."

तो एक म्हणजे आबा होते.

आम्ही देवळाकडे धावलो. माझ्या मागून काकी, आणि तिच्या मागून गाव. देवळाचं छप्पर गेलं होतं, सभामंडपाच्या जागी कौलांचा ढीग होता. पण गाभारा चिऱ्यांचा, हातभर जाडीच्या भिंतींचा. त्याच्या उंबऱ्याशी आबा बसलेले होते. एक खांदा विचित्र खाली आलेला, तोंडावर रक्त वाळलेलं, अंग चिंब. मला वाटलं गेले. मग त्यांचे ओठ हलले.

त्यांच्याजवळ जायलाही त्यांनी मला वेळ दिला नाही. मागे गाव जमलेला दिसला आणि ते भिंतीला धरून उभे राहिले. चाळीस वर्षांची सवय. देवाकडे तोंड केलं आणि त्या फाटक्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गावार जा काय संकट इला, ता माझ्यापायी इला. मी पळण मोडलंय. मी गावाक फसवलंय. गावाचो तेच्यात काय दोष नाय. जी काय शिक्षा आसात, ती माका एकट्याक दी, म्हाराजा!"

मागे माणसांनी श्वास घेतला. सवयीने. आता सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणणार होते, आणि ते एकदा म्हटलं गेलं की पुरं. गाव ते विसरणार नव्हता. गावातली घरं वासुदेव घाड्याने घालवली, हे देवासमोर कायम झालं असतं.

"थांबा," मी म्हटलं.

"गप रव गो," कुणीतरी दटावलं. "गाऱ्हाणां चालला हा."

"वादळ देवान नाय धाडल्यान, आबा. मी धाडलंय."

आबा वळले.  समोर देव, मागे गाव, आणि मधे मी. तरी एकदा तोंड उघडल्यावर मी सगळं सांगितलं. भोवरी कोळोशाच्या शाळेवर येणार होती. शाळेत तीनशे माणसं होती, ओवी होती. मला विचारलं गेलं. तिरवण रिकामं दिसत होतं. मी होय म्हटलं. तुमची सगळ्यांची घरं त्या एका होयमुळे गेली.

 एकाने आपल्या हातातलं फुटकं कौल खाली टाकलं.

"आमी भितुर आसंव," आबांनी विचारलं, "ता तुका म्हायत होता?"

टॅबवर बोट ठेवणं सोपं होतं. मला ते तेव्हा कळलं.

"होय," मी म्हटलं.

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, अजूनही येत नाही. मग त्यांनी चांगला हात भिंतीला टेकला, पुन्हा देवाकडे तोंड केलं, आणि आवाज जमेल तेवढा उंचावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या चेडवान तीनशे जीव वाचवूक आपल्या आवशी-बापाशीर वादळ घेतल्यान. गावाची घरां गेली. तेचो दोष तिका लावू नको, म्हाराजा!"

आणि थांबले. गाऱ्हाणं घालणारा थांबतो तिथे गावाने बोलायचं असतं.

गाव बोलला नाही. मी मागे वळून बघू शकले नाही. मागे ती माणसं उभी होती ज्यांच्याकडे कालपर्यंत घरं होती, आणि जी काल माझ्या एका फोनवर आत धावली होती. मोडक्या तुळयांवरून पाणी ठिबकत होतं. शाळेत तो आकडा चढत होता तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

मग माझ्या अगदी पाठीशी एक बाईचा आवाज आला, घसा बसलेला.

"होय म्हाराजा," सुगंधाकाकी म्हणाली.

तिच्या आवाजात मग आणखी काही आवाज मिळाले. सगळे नाही.